भोंग्याची घोडी कुणाचं ऐकते

वखारीत त्याला सगळे भोंगा म्हणायचे. आईबापांनी ठेवलेलं नाव होतं की, पण ते मुकादमाच्या हजेरीत पडून होतं. आवाजच तसा होता माणसाचा. आरायंत्रं सुरू झाली की शेजारच्याने मारलेली हाकसुद्धा ऐकू जायची नाही, आणि हा पठ्ठ्या नदीच्या धक्क्यावरून "बाजूला व्हा रे, ओंडका सुटला!" म्हणाला की पार शेवटच्या छपरातला माणूस उडी मारायचा. त्या आवाजामुळे दोघातिघांचे पाय शाबूत राहिले होते. तेच लोक त्या शाबूत पायांनी चालत येऊन त्याची टिंगल करायचे, "भोंग्या, शिंकताना सांगत जा बाबा, छप्पर धरून ठेवतो."

घरी मात्र तोंडाला कुलूप. त्याचा बाप घरात तोंड उघडायचा ते फक्त शिव्या द्यायला. भोंग्याने लहानपणीच कानाला खडा लावला होता, आपण घरात बोलायचंच नाही, म्हणजे वाईट तरी बोललं जाणार नाही. विचार वाईट नव्हता हो, पण त्याची किंमत दुसऱ्यानेच मोजली. लग्न होऊन बायको आली, मुलगी झाली, मोठी झाली, लग्न होऊन लांब गेली, आणि एवढ्या संसारात हा माणूस "डबा", "पाणी" आणि "येतो" एवढंच बोलला. बायको वखारीतच भुशाची पोती भरायची. दिवसभर त्याचा आवाज तिच्या कानावर पडायचा आणि संध्याकाळी तोच माणूस समोर बसून भिंत बघत जेवायचा.

मग बोलायचा कुणाशी? घोडीशी.

ओंडके धक्क्यावरून आरायंत्रापर्यंत ओढायचं काम वखारीत घोडे करत. लाकडाच्या थप्प्यांमधल्या वाटा इतक्या अरुंद की ट्रॅक्टर शिरला तर तिथेच राहायचा. ओंडक्याला साखळी बांधायची, साखळी घोड्याच्या पट्ट्याला अडकवायची, आणि घोडेवाल्याने लोखंडी आकडा घेऊन ओंडक्याबरोबर चालायचं. तो गडगडू नये म्हणून दोन्ही हात आकड्यावर. लगाम धरायला तिसरा हात कुठून आणायचा? म्हणून सगळं काम शब्दावर चालायचं. चल म्हटलं की चालायचं, थांब म्हटलं की पाय तिथेच.

आता यात एक गंमत होती, आणि गंमत कसली, सगळं त्यातच अडकलं. प्रत्येक घोडेवाल्याचे शब्द वेगळे. नवं जनावर हातात आलं की तो त्याच्याबरोबर तबेल्यात एकटा राहायचा आणि आपले शब्द ठरवायचा. ते दुसऱ्याला सांगायचे नाहीत, दुसऱ्याने विचारायचेही नाहीत. "तुझी घोडी डावीकडे कशी वळते रे?" असं विचारणं म्हणजे परक्याच्या ट्रंकेत हात घालणं. कारण साधं होतं. शब्द आपल्यापाशी असले की मालक आपलं जनावर दुसऱ्याला देऊ शकत नाही, आणि आपल्याला घरीही बसवू शकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या घोडेवाल्यांनी अशीच आपली भाकर सांभाळली होती. माणूसच मुका झाला तर काय, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

भोंग्याची घोडी तपकिरी, रुंद छातीची, एक कान जरासा फाटलेला. तिला तो बाईसाहेब म्हणायचा. घोडेवाल्यांच्या खोल्या एका रांगेत होत्या आणि प्रत्येक खोलीच्या मागे, फळ्यांच्या भिंतीपलीकडे, ज्याचं त्याचं जनावर. सकाळी तोंडसुद्धा न धुता हा पलीकडे जायचा. "काय बाईसाहेब, झोप झाली का? रुसलात? पाय दाखवा बघू." बायको अलीकडे चहा उकळत ठेवून ते ऐकत असायची. तिला तो "ए" म्हणायचा.

तर हा आवाज एके दिवशी बसला. भुशाने सगळ्यांचेच घसे खवखवतात, त्यात काय एवढं, म्हणून त्याने लक्ष दिलं नाही. बायको म्हणाली, "अहो, दाखवून या." तो म्हणाला, "हं." त्या "हं"मध्ये सबंध हिवाळा गेला. मग आवाज चिरका झाला, मग गिळताना डोळ्यांत पाणी यायला लागलं, आणि शेवटी थुंकीत रक्त दिसलं तेव्हा बायकोनेच हाताला धरून नेलं. डॉक्टर भला माणूस होता, त्याने आडपडदा ठेवला नाही. घशात गाठ आहे, गाठीबरोबर आवाजाची पेटीही काढावी लागेल, मानेला भोक पाडून त्यातून श्वास घ्यावा लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. भोंगा खिडकीबाहेर बघत राहिला. बायको म्हणाली, "काढा."

ऑपरेशनला आत नेताना सिस्टर म्हणाली, "काका, काही बोलायचं असेल तर आत्ताच बोला बरं का." बायको खाटेच्या दांड्याला धरून चालत होती. तिने मान खाली केली, कान त्याच्या तोंडाजवळ नेला. त्या फुटक्या आवाजात तो म्हणाला, "घोडीला पाणी कोण देतंय?" आणि दार लागलं.

तो दवाखान्यात होता तोवर वखारीत बाईसाहेबांचे हाल कुत्रं खाईना असे झाले. मुकादमाने घोडी चष्म्याला दिली. चष्म्या हा जुना घोडेवाला, त्याचा स्वतःचा घोडा म्हातारा होऊन धापा टाकायला लागला होता. चष्म्याने आपले शब्द वापरले, घोडी उभी. मग कानावर पडलेले भोंग्याचे एकदोन शब्द आठवून, भोंग्यासारखीच आरोळी ठोकून ओरडून बघितलं. घोडी थरथरली आणि मागे सरली, ओंडका गडगडला, चष्म्याच्या पायाचा अंगठा चेचला गेला. माणूस वेदनेने वेडा झाला आणि साखळीचं टोक घेऊन तिच्या पुठ्ठ्यावर तुटून पडला. लोकांनी ओढून बाजूला केलं. त्यानंतर ती कुणालाच जवळ येऊ देईना. मुकादमाने हात टेकले. जनावरांचा दलाल महिनाअखेरीला ट्रक घेऊन यायचा, आणि त्या ट्रकमधून गेलेलं जनावर कुठे जातं हे वखारीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. "ऐकत नाही ते जनावर पोसायला मी काही धर्मशाळा उघडलेली नाही," मुकादम म्हणाला. यात त्याची दुष्टाई नव्हती, तो असाच बोलायचा.

भोंगा घरी आला तो गळ्याला फडकं बांधून. रिक्षातून उतरला आणि बायको सामान काढेपर्यंत थेट मागे गेला.

घोडीने त्याला पाहिलं. कान पुढे केले, नाक पुढे केलं, आणि एकदम डोकं वर झटकून भिंतीला जाऊन टेकली. त्याच्या अंगाला दवाखान्याचा वास होता. त्याला तो कळत नव्हता. नाकातून श्वास जाईना, तेव्हा वास कुठून येणार? त्याला शेणाचा वास येत नव्हता, ओल्या गवताचा येत नव्हता, तिचा येत नव्हता. त्याने तोंड उघडलं. "बाईसाहेब" म्हणायला ओठ हलले आणि मानेतल्या भोकातून फस्सकन हवा आली. घोडी बिचकून उभी उसळली. मग त्याला तिच्या पुठ्ठ्यावरचे वळ दिसले.

त्याने बादलीला लाथ मारली. मग खाली बसला आणि डोकं गुडघ्यांत घातलं. रडायलासुद्धा आवाज लागतो हे त्याला त्या दिवशी कळलं. नुसती छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

पुढचे दिवस वाईट गेले. दवाखान्यातून पाटी-पेन्सिल दिली होती ती त्याने कोनाड्यात फेकली. बायको पातळ पेज भरवायची, मानेतली नळी पुसायची, फडकी उकळून वाळत घालायची, आणि तो तिच्याकडे न बघता फळ्यांच्या भिंतीकडे बघत पडायचा. दलालाचा ट्रक यायचा दिवस जवळ येत होता. एका दुपारी तो ताडकन उठला, बायकोला हाताला धरून भिंतीपाशी आणलं, आणि काहीतरी सांगायला लागला. डावा हात हलवला, ओठ पुढे काढले, जीभ टाळ्याला लावली. घोडीला डावीकडे वळवायचा शब्द त्याला तिला द्यायचा होता. आयुष्यभर कुणाला न दिलेला शब्द, आणि आता द्यायचा म्हटलं तर निघत नव्हता. घाम फुटला माणसाला.

"सुक," बायको म्हणाली.

तो बघतच राहिला.

"सुक म्हणजे डावीकडे. दार म्हणजे उजवीकडे. हुई बये म्हणजे चल. ठा म्हणजे थांब. आणि ओंडका चिखलात रुतला की तुम्ही 'आता कसं, आता कसं' म्हणता, मग ती छाती लावते." तिचा आवाज चढत गेला. "बघताय काय? मी काय बहिरी आहे? इतकी वर्षं या भिंतीला कान लावून बसले मी! माझ्याशी बोलत नव्हता ना, मग तिच्याशी बोलता ते ऐकत होते. तेवढंच मिळत होतं मला. आत नेताना कान पुढे केला होता, वाटलं, आता तरी… तर म्हणे घोडीला पाणी कोण देतंय! मी देत होते पाणी! लांबून बादली सरकवून, लाथा चुकवून, दोन्ही वेळा मीच देत होते!"

एवढं बोलून ती ढसाढसा रडली. भोंग्याला वाटलं, बापाच्या शिव्यांनी आपल्या आईला जेवढं जाळलं नसेल तेवढं आपण हिला गप्प बसून जाळलं. हे सांगायला आता काही साधनच उरलं नव्हतं. त्याने कोनाड्यातून पाटी काढली. शाळा जेमतेम झालेली. बराच वेळ खुडबुडून त्याने एक शब्द लिहिला आणि तिच्यापुढे धरला. "चुकलो."

"चुकलातच," ती म्हणाली आणि पदराने नाक पुसलं. "चला आता. घोडीचं बघू."

आधी त्याने घोडीशी नव्याने ओळख केली. रोज नुसता तबेल्यात जाऊन बसायचा, पाठ फिरवून. मग घोडी पुढे यायला लागली, मग त्याच्या खांद्याला नाक लावायला लागली. त्याने तिच्या मानेवर तळवा ठेवला की बायको शेजारून शब्द म्हणायची. "सुक." घोडीचा फाटका कान वळायचा. तबेल्यात हे ठीक जमलं. वळांना मलम लावताना ती बायकोच्या हाताखाली उभी राहायला लागली. दोघं सकाळी पलीकडे असत आणि चहा अलीकडे उतू जात असे.

पण वखारीत नेलं तिथे सगळं मुसळ केरात. आरायंत्रांचा तो कडकडाट, भोवती कामं टाकून बघायला उभी राहिलेली माणसं. बायको घाबरली आणि नवऱ्यासारखी आरोळी ठोकून ओरडली, "हुई बये!" घोडी थरथरली, मागे सरली. कुणीतरी म्हणालं, "झालं! अंगठे सांभाळा रे!" भोंग्याने धावत जाऊन बायकोचा दंड धरला. ओठांवर बोट ठेवलं, तिला ओढत घोडीच्या मानेपाशी नेलं, तिचं तोंड त्या फाटक्या कानाजवळ आणलं.

बायकोने कपाळावर हात मारला. "अगं बाई! ओरडत होतात ते आमच्यावर. हिच्यावर कधीच ओरडला नाहीत की!"

खरंच होतं. भोंग्याचा भोंगा माणसांसाठी. घोडीशी तो हळू, दाढीतल्या दाढीत बोलायचा, आणि तिच्या तिखट कानांना ते आरायंत्रांतूनही पोहोचायचं. वखारीला आरोळी तेवढी माहीत होती. चष्म्या तिच्यावर नेमका तोच आवाज काढून ओरडला होता, जो ऐकला की ओंडका सुटलाय, पळा, एवढंच तिला माहीत होतं. बायको हळू म्हणाली, "हुई बये," आणि घोडी चालायला लागली.

जमलं म्हणता म्हणता एक गोष्ट मात्र जमेना. घोडी बायकोचा शब्द ऐकायची आणि प्रत्येक शब्दाला मान वळवून भोंग्याकडे बघायची. तो दिसला की पाऊल टाकायची. तो दोन थप्प्यांपलीकडे गेला की उभी. आणि भोंग्याला वखारीत थांबणं शक्य नव्हतं. मानेतल्या भोकात भुसा गेला की तो काळानिळा पडायचा, बायको धावत येऊन नळी साफ करायची. डॉक्टरने तर साफ सांगितलं होतं, भुशाच्या जागी पुन्हा पाऊल टाकलंत तर दवाखान्यात नाही, थेट स्मशानात न्यावं लागेल.

ट्रक यायच्या दिवशी मुकादम म्हणाला, "दुपारी दलाल येईल. त्याआधी बाईने एकटीने धक्क्यावरून एक ओंडका आणून दाखवावा. जमलं तर घोडीही तिची आणि कामही तिचं. भोंगा आवारात नको. मला माझ्या आवारात माणूस गुदमरलेला नकोय."

भोंगा आवाराबाहेर गेला, पण घरी नाही गेला. कुंपणाच्या फळ्यांत एक फट होती, तिला डोळा लावून उभा राहिला. बायकोने पदर खोचला होता, हातात त्याचाच आकडा होता. साखळी अडकली. तिचे ओठ हलले. घोडी निघाली. पहिलं वळण बरोबर घेतलं. भोंग्याने फळी घट्ट धरली होती.

मधल्या चढावर घोडी थांबली. नाक वर केलं. मान वळवली आणि थेट त्या फटीकडे बघितलं.

वारा त्याच्या अंगावरून तिच्याकडे जात होता. तिला वास लागला होता, आणि ज्याला स्वतःला वास येत नाही त्याच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. बायको कानाजवळ वाकून बोलत होती, मानेवरून हात फिरवत होती, घोडी हलत नव्हती. ती त्याची वाट बघत होती. मुकादम मनगट उलटं करून घड्याळ बघत होता. ओंडका चढावर, खाली बायकोचे पाय.

भोंग्याला वाटलं, आत जावं. चार पावलं तर होती. तळवा ठेवला असता तर ती त्याच क्षणी निघाली असती. पण मग उद्या कोण ठेवणार? तो जिवंत आहे आणि जवळ आहे, तोवर ती दुसऱ्या कुणाची होणार नाही, हे त्याला कळून चुकलं. त्याने फळी सोडली आणि चालायला लागला. कुंपण संपलं, रस्ता लागला, तो चालत राहिला, वाऱ्यावरून आपला वास जाणार नाही इतका लांब, जिथे आरायंत्रांचा आवाजसुद्धा पोहोचत नव्हता तिथवर. मागून काय ऐकू येईल या भीतीने त्याने कानांवर हात ठेवले होते. रस्त्यातली माणसं वळून बघत होती, वेडाच समजले असतील.

कुठल्याशा बंद दुकानाच्या पायरीवर तो बसून राहिला. दुपार कलली तेव्हा दलालाचा ट्रक समोरून गेला. वर ताडपत्री टाकलेली, आत जनावराचे खूर फळीवर आपटत होते. भोंगा धडपडत उठला. हात वर केला. ड्रायव्हरने बघितलं नाही. थांब, एकदा बघू दे, एवढंच म्हणायचं होतं त्याला. ज्याच्या आरोळीने पार शेवटच्या छपरातला माणूस उडी मारायचा, त्याला एक हाक मारता आली नाही. ट्रक वळणावर दिसेनासा झाला.

भोंगा घरी परतला. खोलीत येऊन बसला, मागे जाऊन बघायची हिंमत झाली नाही. संध्याकाळी बायको आली. केसांत भुसा, हाताला फोड, आणि आल्या आल्या दारातच मटकन बसली.

"आहे," ती म्हणाली. "पलीकडे बांधून आले. ट्रकात चष्म्याचा म्हातारा घोडा गेला. ट्रक रिकामा जात नाही म्हणाला दलाल. चष्म्या भिंतीकडे तोंड करून उभा होता हो, बघवेना."

भोंग्याने डोळे मिटले. मग उघडले आणि हाताने विचारलं, कसं, काय झालं?

आणि बायको सांगायला लागली. इतकं बोलताना त्याने तिला कधी ऐकलं नव्हतं, कारण त्याने ऐकलंच नव्हतं. घोडी चढावर कशी अडली, मुकादम हात वर करून "पुरे, सोडा" म्हणणार एवढ्यात घोडीने नाक खाली कसं केलं. "उगाच उभी राहिली थोडा वेळ. मग मोठा श्वास सोडला. मी म्हटलं, आता कसं, आता कसं. आणि लावली की हो छाती! थेट आरायंत्रापर्यंत."

तो ऐकत होता. मग त्याने दोन बोटं आपल्या डोळ्यांकडे नेली, खांद्यावरून मागे दाखवली, आणि तळवा आपल्या छातीवर ठेवला. माझ्यासाठी मागे बघितलं का तिने?

बायकोने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "नाही," ती म्हणाली. "एकदाही नाही."

त्याने मान हलवली. बरं झालं, बरं झालं, अशी हलवतच राहिला, आणि त्याची छाती वरखाली व्हायला लागली. बायको उठली नाही, चूल तशीच राहिली. ती सरकत त्याच्यापाशी आली, त्याचं डोकं आपल्या भुशाने भरलेल्या खांद्यावर घेणार तोच तिला मानेतलं भोक आठवलं. तिने आधी खांदा झटकला, पदराने नीट पुसला, आणि मग त्याला जवळ घेतलं.